खसखशीचा आडोसा

निरामय सहनिवासाच्या बी विंगचं गटार नशा करतं, हे फाटकावरच्या फलकाने सोमवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा बी विंगमधली मंडळी फिरायला निघाली होती. ए विंगपुढे हिरवा दिवा होता, सी विंगपुढे हिरवा, बी विंगपुढे पिवळा. मंडळी थांबली. पिवळ्या दिव्याकडे पाहिलं, मग एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि त्या दिवशी सगळे जरा अंतर राखून चालले.

फलकामागचं यंत्र प्रत्येक विंगमागच्या गटाराच्या चेंबरमध्ये बसवलेलं होतं. त्याचं सरकारी नाव ‘निर्मल-दर्शक’. लोक त्याला गटारगुरुजी म्हणायचे, कारण ते कुणाला दिसायचं नाही आणि रोज सकाळी निकाल मात्र लावायचं.

गुरुजींचं शास्त्र सोपं होतं. माणूस नशेचा पदार्थ पोटात घेतो तेव्हा यकृत त्याची मोडतोड करतं आणि उरलेले तुकडे मूत्रपिंडं बाहेर टाकतात. माणूस बायकोशी खोटं बोलू शकतो, डॉक्टरांशी बोलू शकतो, स्वतःशी तर बोलतोच. मूत्रपिंडांना ती सोय नाही. चेंबरमधल्या पाण्याचा थेंब यंत्र ठरावीक वेळाने उचलायचं. आत नखाएवढ्या पट्टीवर डीएनएचे कृत्रिम धागे होते, एकेक धागा एकाच रेणूसाठी घडवलेला. तो रेणू आला की धागा त्याच्याभोवती मुठीसारखा मिटायचा, आणि मिटताना पट्टीतली वीज किंचित हलायची. किती मुठी मिटल्या यावरून किती रेणू आले ते कळायचं. कुणाकडून आले ते कळायचं नाही. तसं कळू नये अशीच योजना होती.

योजना मुळात चांगली होती. गेल्या काही वर्षांत शहरात गोळ्या, पावडरी आणि खोकल्याची औषधं इतकी पसरली होती की शाळेच्या पालकसभेत आता गणिताचा विषय शेवटी निघायचा. म्हणून असं ठरलं, की दिवा पिवळ्याचा लाल झाला की एक समुपदेशक गुपचूप येईल, त्या विंगमध्ये घरोघरी बोलेल आणि ज्याला हवी त्याला मदत करेल. फक्त, लोकांनी यंत्र बसवून घ्यावं म्हणून हिरव्या सोसायट्यांना रोज तासभर जादा पाणी द्यायचंही ठरलं. तिथून विषय नशेचा राहिला नाही. लग्नाच्या जाहिरातीत ‘निर्व्यसनी’पुढे ‘हिरव्या विंगेतील’ असं यायला लागलं.

उन्मेष हुपरीकर हा या गुरुजींची देखभाल करणाऱ्या कंपनीत तंत्रज्ञ होता. तो ए विंगमध्ये आईबरोबर राहायचा. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की आई ‘पाण्यात आहे’ एवढंच सांगायची. बी विंगच्या तळमजल्यावर त्याची थोरली बहीण शाल्मली आणि तिचा नवरा अभिराम राहायचे. अभिरामदाजी साखर कारखान्यात केमिस्ट होते. ताई घरातच पाळणाघर चालवायची. सोसायटीतल्या निम्म्या आया तिच्या जिवावर नोकरीला जायच्या, आणि उन्मेषही लहानपणी तिच्याच जिवावर शाळेत गेला होता. आईची ड्यूटी सकाळची असायची आणि त्याचा डबा, भांग, बुटांच्या नाड्या हे सगळं ताईकडे होतं.

फलक फक्त रंग दाखवायचा. रेणूचं नाव उन्मेषच्या पडद्यावर यायचं. या वेळी नाव आलं कोडीन.

कोडीन अफूच्या घराण्यातलं. खोकल्याच्या काही औषधांत ते असतं, आणि यकृत त्यातल्या थोड्याचं मॉर्फिन करतं. आपल्या मेंदूत काही खुर्च्या असतात, शरीर स्वतः तयार करतं त्या वेदनाशामकांसाठी राखीव. मॉर्फिन एसटीतल्या प्रवाशासारखं खिडकीतून रुमाल टाकून त्या खुर्च्या धरतं. रोज धरायला लागलं की हक्काचे प्रवासी हळूहळू यायचेच बंद होतात. मग एके दिवशी रुमाल पडला नाही की सगळी गाडी रिकामी, आणि रिकाम्या गाडीचा खडखडाट म्हणजे व्यसन सुटतानाचं दुखणं.

सोसायटीची सभा भरली. अध्यक्ष श्रीखंडेकाकांनी सुरुवातीलाच सांगितलं की कुणावरही संशय घ्यायचा नाही, आणि मग सगळ्यांनी मिळून चौथ्या मजल्यावरच्या ऋत्विज काळसेकरवर घेतला. ऋत्विज एकटा राहायचा, भाडेकरू होता, केस खांद्यापर्यंत होते आणि तो लिफ्टमध्ये एकटाच हसायचा. शेवटचा मुद्दा निर्णायक ठरला. ऋत्विज विनोदी कार्यक्रमांचं संकलन करायचा आणि कानात तेच ऐकत असायचा, त्यामुळे हसणं हे त्याचं काम होतं. पण तसं त्याने सांगितल्यावर एक आजी म्हणाल्या की कामावर असताना इतकं कुणी हसत नाही.

उन्मेषलाही ऋत्विजच असावा असं वाटत होतं. वाटणं सोयीचं होतं. तरी दुसऱ्या दिवशी त्याने यंत्र जुळवायचं म्हणून हातातला छोटा दर्शक बी विंगच्या एकेका सांडपाण्याच्या पाइपाला लावून पाहिला. नियमाप्रमाणे तसं करायचं नसतं. चौथ्या मजल्याचा पाइप स्वच्छ होता, शाकाहारी म्हणावा इतका. कोडीन तळमजल्यावरच्या ताईच्या घराच्या स्वतंत्र पाइपातून येत होतं. त्याने दर्शक पुसून परत लावला. मग दुसऱ्या बाजूने लावला. मग तो बराच वेळ पाइपाशेजारी उकिडवा बसून राहिला, आणि वरून कुणीतरी विचारलं की तुंबलंय का.

दुपारी तो ताईकडे गेला तेव्हा मुलं रांगेत झोपली होती. ताई भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर ऋजुता देसाईची स्पृहा, साडेतीन वर्षांची, अंगठा चोखत पडली होती. त्याने हळू आवाजात कोडीन एवढंच म्हटलं.

“कुणी सांगितलं?” ताईने विचारलं.

“तुझ्या पाइपाने.”

“हल्ली पाइपपण चुगल्या करायला लागले.”

मग तिने सांगितलं, स्पृहाला थोपटत, एखाद्या तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं. हिवाळ्यात मुलांचा खोकला तिला लागला तो महिना दीड महिना हटेना. औषधाने आधी खोकला गेला. मग पाठ दुखायची थांबली. मग दुपारी चारच्या सुमाराला उठून कुठेतरी निघून जावंसं जे वाटायचं, ते वाटायचं थांबलं. खोकला गेला तरी औषध राहिलं. शहरातल्या प्रत्येक औषधवाल्याला वाटायचं की ही बाई फक्त आपल्याकडूनच नेते, आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईला खोकल्याचं औषध लागणारच. दाजींना तिच्या तोंडाला संत्र्याचा वास यायचा. ते खूश होते, बायको फळं खाते म्हणून.

उन्मेषने समुपदेशकाचं नाव काढलं. ताईचा थोपटणारा हात थांबला.

“ती घरोघर फिरणार. तळमजल्यावर आली की अख्खा जिना बघत उभा राहील. मग उद्या सकाळी इथे एकपण पोर येणार नाही. मला दुसरं काय येतं, सांग.”

त्याने झोपलेल्या मुलांच्या रांगेकडे पाहिलं.

“अधिक महिना येतोय, तो संपू दे, उन्या. तोवर सोडते. माझी मी सोडते.”

तिने उन्या म्हटलं नसतं तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती. त्याने मान हलवली. उठताना त्याने तिला एकच सल्ला दिला, आणि तो त्याला त्या वेळी फार व्यवहारी वाटला: बाटली कुणाला दिसू देऊ नकोस.

पुढच्या सभेत श्रीखंडेकाकांनी त्याला तज्ज्ञ म्हणून उभं केलं आणि विचारलं, चौथ्या मजल्यावरून येतंय का. उन्मेष म्हणाला की यंत्र असं घराघराचं सांगत नाही. वाक्य शंभर टक्के खरं होतं. ऋत्विजला घरमालकाचा फोन गेला. जाताना त्याने लिफ्टमध्ये सामान भरलं आणि उन्मेषने त्याची गादी धरायला मदत केली. ऋत्विजने आभार मानले, म्हणाला, या बिल्डिंगमध्ये तू एकटाच नॉर्मल आहेस. उन्मेषला त्यापेक्षा गादी तोंडावर पडलेली चालली असती.

तो गेला आणि बी विंगचा पिवळा दिवा होता तसाच राहिला, उलट नारिंगीकडे झुकला. आता लोक पुढचं नाव शोधायला लागले. एकमेकांच्या कचऱ्याच्या डब्यांत डोकावायला लागले. आणि तेवढ्यात अधिक महिना लागला.

अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. उन्मेषच्या आईने तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, सावलीत सुकवले, कुटले, गूळ घालून पीठ डब्यात मुरवलं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी कढई चढवली. ती खसखशीवर एकेक अनारसा थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची आणि न उलटता झाऱ्याने वरून तूप उडवत राहायची. एखादा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, की तो उन्मेषच्या वाट्याला. जावयाला हसलेला चालत नाही, मुलाला चालतो.

त्या आठवड्यात शहरभर गटारगुरुजी पिवळे झाले. कंपनीत हलकल्लोळ माजला. मग कुणाच्या तरी आईने उलगडा केला. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. बीमध्ये अफू नसते, पण मळणी होताना बोंडाचा चीक बियांना पुसटसा लागलेला असतो, आणि त्या चिकात मॉर्फिन असतं, कोडीनही असतं. माणसाला त्याने काही होत नाही. अनारसे खाऊन जी सुस्ती येते ती तुपाची. पण गुरुजींच्या धाग्यांना तेवढं पुरतं. सज्जन सासवांनी रांधलेला अनारसा आणि खोकल्याची बाटली यांतला फरक या मॉडेलला कळत नव्हता. कळणारं मॉडेल पुढच्या वर्षी येणार होतं. तोवर कंपनीने तंत्रज्ञांना अधिकार दिला: ज्या विंगमध्ये अनारसे झालेत अशी खात्री पटेल, तिथे ‘खसखस सूट’ द्यावी आणि दिवा हिरवा करावा.

उन्मेषला घाम फुटला, कारण सुटका इतकी सोपी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण बी विंगमध्ये अनारसे फारसे झालेच नव्हते. तिथले बहुतेक जावई कॅनडात होते. खोटी सूट देणं त्याच्या तत्त्वात बसेना. म्हणून त्याने खरे अनारसे आणायचं ठरवलं.

त्याने बायकांच्या गटात सुचवलं की जावई परदेशात असला म्हणून वाण चुकवू नये, प्रतिनिधी जावयाला दिलं तरी पुण्य लागतं. हे कुठे लिहिलंय असं कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना तेच हवं होतं. प्रश्न आला, जावई कोण. लग्न न झालेला, ओळखीचा, सरळ आणि सहज उपलब्ध असा सोसायटीत एकच तरुण होता.

त्यानंतरचे दिवस उन्मेष बी विंगचा जावई होता. रोज कुणाकडे तरी पाट, रांगोळी, तांब्याचं ताम्हन. ऋजुताच्या सासूबाईंनी, गुडघे दुखत असताना, खाली बसून त्याचे पाय धुतले. पायांवर गार पाणी पडलं तेव्हा त्याला वाटलं की पाय मागे घ्यावेत, पण पाय मागे घेणारा जावई म्हणजे अपशकुन. ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा. तो एक तुकडा मोडायचा, बाकीचे विंगमध्येच वाटायला लावायचा, कारण त्याने घरी नेऊन खाल्ले तर रेणू ए विंगच्या गटारात जाणार. लोकांना त्याचा निःस्वार्थीपणा फार भावला. जाता जाता तो सगळ्यांना समजावूनही सांगायचा, की अनारशाने टेस्ट पॉझिटिव्ह येते, घाबरायचं काही नसतं. महिन्याच्या मध्यापर्यंत बी विंगमधलं शेंबडं पोरही हे सांगायला लागलं.

दिवा हिरवा झाला. पाण्याचा तास परत मिळाला. श्रीखंडेकाकांनी नळाला फुलं वाहिली.

ताई म्हणाली, कमी केलंय. पुढच्या वेळी म्हणाली, जवळजवळ सुटलंय. तिचा चेहरा बरा दिसत होता, किंवा उन्मेषला तो बरा दिसायला हवा होता. एकदा त्याने खात्री करायला तळमजल्याच्या पाइपाला दर्शक लावला. आकडा भरपूर आला. ताईकडे आईचे तेहतीस, वर विंगभरचे वाटलेले, येणारच. त्या आकड्यात खसखस किती आणि ताई किती, हे जगातलं कुठलंच यंत्र आता सांगू शकत नव्हतं. ती खरंच सोडत असेल तरी दिसलं नसतं, बुडत असेल तरी दिसलं नसतं. शहरात तिच्यावर ज्याची नजर होती त्या एकमेव गुरुजींच्या डोळ्यांत त्याने स्वतः मूठभर खसखस फेकली होती. हे लक्षात आल्यावर तो घरी गेला, जेवला आणि दुसऱ्या दिवशी ताईला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, सुटलं. त्याने विश्वास ठेवला. दुसरं काही करायचं तर मग बरंच काही करावं लागलं असतं.

एका दुपारी तो अनारशाचं ताट घेऊन तिच्याकडे गेला तेव्हा बेल वाजवून दार उघडेना. आत मुलांचा आवाज होता. एका मुलाने स्टुलावर चढून कडी काढली आणि सांगितलं की मावशी उठत नाही आणि स्पृहापण उठत नाही.

ताई भिंतीला टेकूनच होती, मान कलती. हलवल्यावर तिने डोळे उघडले आणि हसली, कुठूनतरी लांबून. स्पृहा स्वयंपाकघरात फ्रीजपाशी फरशीवर पडली होती. फ्रीजचं दार उघडं होतं. शेजारी संत्र्याच्या सरबताची बाटली आडवी, आणि फरशीवर नारिंगी, चिकट ओघळ. उन्मेषने बाटली हुंगली. ते सरबत नव्हतं. ताईने त्याचा सल्ला पाळला होता. औषध कुणाला दिसणार नाही अशा बाटलीत ओतून ठेवलं होतं.

त्याने स्पृहाला उचललं. ती कापसासारखी सैल होती आणि श्वास इतका सावकाश घेत होती की प्रत्येक श्वासानंतर थांबून वाट पाहावी लागत होती. शेजारच्या काकूंनी बाकीची मुलं ताब्यात घेतली. ताई, आता पूर्ण जागी आणि पांढरीफटक, अनवाणीच त्याच्या मागे रिक्षात बसली. सरबताची बाटली त्याने पिशवीत घातली होती, आणि ती का घातली हे तो स्वतःलाही सांगत नव्हता: डॉक्टरांना दाखवायला, की कुणाला दिसू नये म्हणून.

ऋजुता ऑफिसातून थेट रुग्णालयात आली. ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुण होत्या, हात भराभर चालत होते. त्यांनी स्पृहाला ऑक्सिजन लावला, लघवीची पट्टी बुडवली आणि विचारलं, घरात कुणाला अफू, गोळ्या, कडक वेदनाशामक वगैरे चालू आहे का, पट्टीवर अफूवर्गातलं काहीतरी येतंय.

“अहो, ते अनारशाचं आहे,” ऋजुता म्हणाली. ती रडत होती तरी आवाजात खात्री होती. “आमच्या विंगमध्ये सगळ्यांचंच येतं. खसखस असते ना. यांनाच विचारा, हे मशीनवालेच आहेत.”

डॉक्टर उन्मेषकडे वळल्या.

“सकाळपासून काय खाल्लं हिने?”

“अनारसे,” ऋजुता म्हणाली. “माझ्यासमोर दोन खाल्ले.”

“अनारशाने श्वास मंदावत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “मग ही ग्लानी कशाची? पडली होती का? डोक्याला लागलं असेल तर आधी स्कॅन करावा लागेल.” त्यांनी वॉर्डबॉयला खूण केली. स्कॅन दुसऱ्या इमारतीत होता. ट्रॉलीची चाकं हलली.

उन्मेषने तोंड उघडलं. पिशवी हातात होती. त्याला एवढंच म्हणायचं होतं की बाटली आहे. पण त्या वाक्याच्या पलीकडे पाळणाघर होतं, पोलीस होते, दाजींचा चेहरा होता, आणि तो या सगळ्यांची क्रमवारी लावत राहिला. ट्रॉली दारापर्यंत पोचली. त्याचं तोंड उघडंच होतं.

“खोकल्याचं औषध प्यालीये ती,” ताई म्हणाली. “माझं. कोडीनचं. मी पिते रोज. किती होतं ते त्याच्या पिशवीतल्या बाटलीवरून बघा.”

डॉक्टरांनी ट्रॉली जागेवर थांबवली. पुढचं सगळं झटपट झालं. इंजेक्शन नॅलॉक्सोनचं होतं. हे औषध त्या खुर्च्यांवर बसलेल्या मॉर्फिनला सरळ बखोटीला धरून उठवतं आणि स्वतः बसतं, पण बसून काहीच करत नाही. थोड्या वेळात स्पृहाने एक मोठा श्वास घेतला, मग दुसरा, मग तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली. इतक्या जोरात रडली की पलीकडच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. परिणाम ओसरला तर पुन्हा द्यावं लागेल म्हणून तिला तिथेच ठेवून घेतलं.

ऋजुता ताईशी बोलली नाही. तिने उन्मेषला बाहेर बाकावर गाठलं.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

तिने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. “माझ्या सासूबाईंनी तुझे पाय धुतले,” ती म्हणाली, आणि आत गेली.

पाळणाघर दुसऱ्या दिवशी बंद झालं. पोलिसांनी जबाब घेतले. पुढे काय होणार ते अजून ठरायचं होतं. उन्मेषने कंपनीला सगळं सांगितलं आणि कंपनीने त्याला घरी बसवलं. त्याने ऋत्विजला फोन करून माफी मागितली. ऋत्विज म्हणाला, नवीन बिल्डिंगला लिफ्टच नाही, त्यामुळे ठीक चाललंय. पण परत फोन करू नकोस.

दोन दिवसांनी समुपदेशक आल्या. रेहाना मुजावर नावाच्या, स्कूटरवरून, हेल्मेट काखेत. उन्मेषच्या कल्पनेत या बाईबरोबर नेहमी एक गाडी, दोन शिपाई आणि जिन्यावर गर्दी असायची. प्रत्यक्षात मुजावरमॅडमनी बिनसाखरेचा चहा मागितला, चपला काढून पाय पोटाशी घेतले आणि ताईला विचारलं की झोप लागते का. ताई एकदम रडायला लागली. मॅडम चहा पीत थांबल्या. पंख्याचा आवाज येत होता. दाजी खिडकीशी उभे होते आणि त्यांनी परवापासून संत्रं खाल्लं नव्हतं. उन्मेष दारातल्या स्टुलावर बसून होता, आणि त्याच्या मनात एकच गोष्ट येत होती, की याला तो घाबरला होता. या चहाला.

मॅडमनी सांगितलं की हळूहळू सुटेल, एकदम नाही. एक गोळी असते, जिभेखाली विरघळवायची. ती त्याच खुर्च्यांवर बसते, पण अर्ध्याच टेकून, म्हाताऱ्या माणसासारखी; गाडी रिकामीही राहत नाही आणि धिंगाणाही होत नाही. मात्र गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवायच्या. त्याने रोज समोर बसून द्यायची, विरघळेपर्यंत थांबायचं, तोंड उघडायला लावून जिभेखाली बघायचं. घेतली नाही तर मला तसंच कळवायचं, मी रागावत नाही, डोस बदलते.

“खोटं बोलणार नाही असं कोण आहे घरात?” त्यांनी विचारलं.

कोपऱ्यात बसलेल्या आईने दाजींकडे पाहिलं. दाजींनी पंख्याकडे पाहिलं. ताईने दाराकडे बोट केलं.

“याला चांगलं येतं खोटं बोलता,” ती म्हणाली. “पण याच्याकडेच द्या.”

जाताना जिन्यात श्रीखंडेकाकांनी मॅडमना गाठलं आणि हळूच विचारलं की झोपेच्या गोळ्या सुटायला साधारण किती दिवस लागतात, एका मित्रासाठी. काका हिरव्या ए विंगमध्ये राहायचे. झोपेच्या गोळ्यांसाठी गुरुजींकडे धागाच नव्हता. मॅडमनी काकांना आपला नंबर दिला आणि मित्राला काळजी करू नका म्हणून सांगायला सांगितलं.

मग उन्मेष रोज सकाळी ताईसमोर पाटावर बसू लागला. ज्या बाईने त्याला ‘आ कर’ म्हणून भात भरवला होता तिला तो ‘आ कर’ म्हणायचा, आणि ती जीभ उचलायची, आणि दोघंही दुसरीकडे बघत आपापलं काम करायची. बाहेरच्या खोलीत मुलांच्या सतरंज्या गुंडाळून ठेवल्या होत्या. पहिले काही दिवस बरे गेले.

एक सकाळ अशी आली की ताईने गोळी तळहातावर घेतली आणि मूठ मिटली. तिचे केस विंचरलेले नव्हते. अंगाला सूक्ष्म घाम होता आणि पाय सतत हलत होते.

“कुठेतरी थोडं मिळालं होतं काल,” ती म्हणाली. “ते अंगात असताना आज ही घेतली तर फार त्रास होईल. उद्या घेते. तू फक्त घेतली म्हणून सांग.”

उन्मेषने तिच्या मिटलेल्या मुठीकडे बोट केलं.

“उन्या, पाया पडते तुझ्या.”

तिने खरंच हात पुढे केला. त्याने या खेपेला पाय मागे घेतले. फोन काढला, मुजावरमॅडमचा नंबर लावला आणि ताईकडे बघत थांबला. पलीकडून मॅडमचा आवाज आला, मागे स्कूटरचे हॉर्न होते.

“आज घेतली नाही,” तो म्हणाला. “काल औषध प्यालीये.”

मॅडम म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, तासाभरात येते, तोवर एकटं सोडू नका.

ताईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यापेक्षा तिने लहानपणीसारखं मारलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. मग ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तिचे पाय थरथरत होते. उन्मेषने एक सतरंजी उलगडून तिच्यावर टाकली. सतरंजी लहान मुलाच्या मापाची होती, कमरेपर्यंतच पुरली. मग तो दुसरी आणायला उठला.